आउटलुकला फाइल सापडत नाही? ओके दाबण्याआधी हे वाचा

मामांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "अगं, मेल गेले सगळे." मामांचा कुपवाड एमआयडीसीत लेथचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं, ऑर्डरी, दरावरून झालेली घासाघीस, असं २०११ पासूनचं सगळं त्यांच्या आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये आहे. मी विचारलं, "सगळे म्हणजे अगदी सगळे का, मामा?" तर म्हणाले, "गेल्या दोन आठवड्यांचे दिसतायत. त्याआधीचं काही नाही. दुकानातला पोरगा म्हणतोय, फॉरमॅट मारू या."

'दोन आठवडे' हे शब्द ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि 'फॉरमॅट' ऐकून पुन्हा बाहेर आला. दोन्ही का, ते पुढे येईलच. आधी मामांना एवढंच सांगितलं, की आउटलुक बंद करा, मशीन चालू राहू द्या आणि त्या पोराला चहा पाजा.

असे फोन अलीकडे वाढलेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्याच्या आगेमागे कित्येक कार्यालयांनी, सीए मंडळींनी, हाउसिंग सोसायट्यांनी जुनी मशीनं बदलून विंडोज ११ ची घेतली. डेटा एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला, फोल्डर हलले, ड्राइव्ह बदलले. मग एका सकाळी आउटलुक उघडताना एक छोटी खिडकी येते आणि त्यात लिहिलेलं असतं की अमुक फाइल सापडत नाही. वाचणारा त्याचा अर्थ लावतो, 'फाइल गेली'. वास्तविक त्या वाक्याचा अर्थ तेवढाच आहे जेवढा त्यात लिहिलाय. सापडत नाही.

मेल राहतात कुठे?

ब्राउझरमध्ये जीमेल उघडता तेव्हा मेल गूगलच्या मशीनवर असतात, तुम्ही ते तिथे जाऊन वाचता. आउटलुकसारखा डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम मेल तुमच्या मशीनवर आणून ठेवतो. आणि प्रत्येक मेलची वेगळी फाइल करत नाही. इनबॉक्स, पाठवलेले मेल, अटॅचमेंट, कॅलेंडर, पत्ते, सगळं एकाच मोठ्या फाइलमध्ये कोंबतो. तिला डेटा फाइल म्हणतात.

या डेटा फाइलच्या दोन जाती आहेत, आणि घाबरायचं की नाही हे जातीवर ठरतं. एकीच्या नावाच्या शेवटी पीएसटी असतं, दुसरीच्या शेवटी ओएसटी. ओएसटी म्हणजे झेरॉक्स. मूळ प्रत सर्व्हरवर, म्हणजे मेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मशीनवर असते, इथे फक्त तिची नक्कल. एक्स्चेंज, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा आयमॅप अशा, मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीचं खातं असेल तर साधारण हीच फाइल असते. ती हरवली तर आउटलुक सर्व्हरवरून पुन्हा उतरवून घेतं. नेट धीमं असेल तर दिवस जाईल, पण मेल येतील. अपवाद एक. आयमॅप खात्यात काही फोल्डरांपुढे 'फक्त या कॉम्प्युटरवर' अशा अर्थाची इंग्रजी नोंद असते. ते फोल्डर खरोखरच फक्त त्या कॉम्प्युटरवर असतात.

पीएसटी ही मूळ प्रत आहे. सातबाराची झेरॉक्स हरवली तर तलाठ्याकडे जाता येतं, पण खुद्द तलाठ्याचं दप्तर हरवलं तर जायचं कुणाकडे? पॉप नावाच्या जुन्या पद्धतीचं खातं असेल तर मेल पीएसटीत येतात. आणि आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत पॉप अजून जोरात आहे. वेबसाइटबरोबर कंपनीच्या नावाचे मेल आयडी मिळतात, त्या प्रत्येकाला सर्व्हरवर जागा बेताची, म्हणून सगळं खाली उतरवून घ्यायचं आणि वरचं रिकामं करायचं. मामांचंही असंच. त्यांची पीएसटी ११ जीबीची झाली होती.

आउटलुकला फाइल ठाऊक नसते, जागा ठाऊक असते

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

घरात हळदीचा डबा वीस वर्षं दुसऱ्या फळीवर डावीकडे आहे असं धरा. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी तो खालच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी फोडणी टाकताना आईचा हात सवयीने दुसऱ्या फळीवरच जातो. तिथे डबा नाही. आई काय करेल? आजूबाजूला बघेल, खाली वाकेल, 'डबा कुणी हलवला' म्हणून घर डोक्यावर घेईल. आउटलुक यातलं काही करत नाही. हात पुढे केला, डबा लागला नाही, की 'सापडत नाही' म्हणून मोकळं. खालच्या कप्प्यात डोकावणं त्याच्या स्वभावातच नाही.

फाइल कुठे आहे हे आउटलुकने एका नोंदीत लिहून ठेवलेलं असतं. तुमचं खातं कोणतं, पासवर्ड कोणता, डेटा फाइल कुठली, या सगळ्या नोंदींच्या संचाला प्रोफाइल म्हणतात, आणि तो विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या नोंदवहीत असतो. डेटा फाइलपाशी जी नोंद असते ती पूर्ण पत्ता असते: सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स, त्यात आउटलुक फाइल्स, त्यात अमुक नावाची पीएसटी. यातलं एक अक्षर जरी बदललं तरी आउटलुकच्या दृष्टीने घर अस्तित्वात नाही.

आउटलुक २०१० पासून पीएसटी अशी डॉक्युमेंट्समध्ये जन्मते. त्याआधीच्या आवृत्त्या ती अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये खोल ठेवत असत. ओएसटी अजूनही तिथेच असते. त्यामुळे २००७ च्या काळापासून जपत आणलेल्या मशीनवर फाइल अगदी भलत्याच ठिकाणी मिळू शकते.

जागा बदलते कोण? आपण तर हात लावला नव्हता

'मी काहीच केलं नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर विश्वास ठेवते. कारण बऱ्याचदा खरंच माणसाने जाणूनबुजून काही केलेलं नसतं.

अलीकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल ठेवायची सोय. विंडोज ११ च्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो यांचा 'बॅकअप' घेण्याची सोय बरेचदा आपोआप चालू असते, किंवा ती चालू करा म्हणून निळी खिडकी मागे लागते. माणूस कंटाळून हो म्हणतो. 'बॅकअप' या शब्दावरून वाटतं की एक प्रत वर जाईल आणि मूळ जिथे आहे तिथे राहील. प्रत्यक्षात डॉक्युमेंट्स फोल्डरचं बिऱ्हाडच वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलतं. डाव्या बाजूच्या यादीत डॉक्युमेंट्स हे नाव तसंच दिसत राहतं, म्हणून कळतही नाही. पण आतला पत्ता बदललेला असतो: यूजर्स, तुमचं फोल्डर, मग वनड्राइव्ह, आणि मग डॉक्युमेंट्स. आउटलुकच्या नोंदीत मधली ती पायरी नाही.

याची उलट बाजूही आहे. कुणीतरी शहाणपणाने वनड्राइव्हचा बॅकअप बंद करतो. मग डॉक्युमेंट्स पुन्हा जुन्या पत्त्यावर जातं, पण रिकाम्या हाताने. फाइल वनड्राइव्हच्याच फोल्डरमध्ये राहिलेल्या असतात. एकाच महिन्यात दोनदा घर बदललेल्या भाडेकरूसारखी पीएसटीची गत होते. मला विचाराल तर मालकाला नीट न सांगता त्याच्या घरातलं सामान हलवणं हा कंपनीचा उद्धटपणा आहे, पण तो चालू आहे आणि आपल्याला त्याच्याबरोबर राहायचंय.

दुसरं कारण आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनचं. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करायचे आणि 'डेटा डी-ला ठेवा, फॉरमॅट मारला तरी राहतो' हा सल्ला प्रत्येक हार्डवेअरवाल्याने दिलेला असतो. सल्ला वाईट नाही. पण नवी डिस्क बसवली, किंवा बाहेरची डिस्क लावून मशीन सुरू केलं, की कालचा डी आज ई होऊ शकतो. फाइल जागची हललेली नाही, तिच्या वाड्याचं नावच बदललंय.

तिसरं कारण फोल्डरच्या नावाचं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवं मशीन मांडलं की विंडोज तुमच्या मेल आयडीची पहिली पाच इंग्रजी अक्षरं घेऊन फोल्डर बनवतं. मामा विश्वनाथ, जुन्या मशीनवर त्यांचं फोल्डर 'अ‍ॅडमिन' होतं, नव्यावर झालं 'विश्व'. मामींना हे फार आवडलं. जुनी प्रोफाइल जशीच्या तशी उचलून आणणाऱ्यांना मात्र ते 'अ‍ॅडमिन' आता कुठेच सापडत नाही.

बाकी किरकोळ कारणं बरीच. कुणी फाइलचं नाव बदलतं. कुणी ती ऑफिसच्या शेअर फोल्डरवर ठेवतं आणि समोरचं मशीन बंद असतं. पीएसटी नेटवर्कवरून उघडून वापरू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं, तरी लोक ठेवतात.

त्या ओके बटणाचं काय?

'फाइल सापडत नाही' या खिडकीवर ओके दाबलं की पुढची खिडकी येते. तिच्यात फोल्डर दिसतात, खाली नाव लिहायची पट्टी असते आणि बाजूला 'ओपन' बटण असतं. माणसाला वाटतं, फाइल उघडायची खिडकी आहे. तो तेच नाव ठेवून ओपन दाबतो.

पण ही खिडकी उघडायची आणि बनवायची, दोन्ही आहे. त्या जागी त्या नावाची फाइल असेल तर ती उघडते, नसेल तर नवी कोरी फाइल बनवते. आईने हात पुढे केला, डबा लागला नाही, तर कुणीतरी त्याच जागी रिकामा डबा ठेवून दिला, तेही वर 'हळद' अशी चिठ्ठी लावून. आता एकाच नावाच्या दोन फाइल झाल्या. एक खरी, एक रिकामी. आणि आउटलुक हसतमुखाने रिकामी दाखवतंय.

मामांच्या कारखान्यात अकाउंट्सच्या मुलीने नेमकं हेच केलं होतं. तिची चूक म्हणता येणार नाही, खिडकीच तशी आहे. मग 'दोन आठवडे' कुठून आले? पॉप खातं आउटलुकमध्ये टाकताना एक टिकमार्क आधीपासून असतो: मेल उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी काढून टाका. म्हणजे सर्व्हरवर कायम शेवटचे १४ दिवस शिल्लक असतात. कोऱ्या फाइलला आधी काय उतरवलंय हे माहीत नाही, म्हणून तिने ते १४ दिवस पुन्हा उतरवले. कुणी 'दोन आठवड्यांचेच मेल दिसतात' म्हटलं तर मला म्हणूनच हायसं वाटतं. आउटलुक नव्या डब्यात बघतंय, आणि जुना डबा घरातच कुठेतरी असण्याची शक्यता मोठी आहे.

फॉरमॅटचं, म्हणजे डिस्क पुसून कोरी करण्याचं, भय त्याचसाठी. डबा शोधायच्या आत घरच पाडायचं!

शोधायची कशी?

आउटलुक बंद करा. फाइल एक्सप्लोररमध्ये 'धिस पीसी' उघडा. व्ह्यू मेनूत शो, आणि त्यात लपवलेल्या वस्तू दाखवायचा पर्याय चालू करा, तिथेच फाइलनावांची शेपटी दाखवायचाही. मग शोधपट्टीत तारा, टिंब आणि पीएसटी ही तीन इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा न सोडता. ताऱ्याचा अर्थ 'नाव काहीही असो'. मोठ्या डिस्कवर याला वेळ लागतो, हिरवी पट्टी संपेपर्यंत थांबा.

एक्सप्लोररचा शोध कधीकधी लपवलेल्या कोपऱ्यांत कचरतो. तेव्हा कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून सी ड्राइव्हच्या मुळाशी जायचं आणि डीआयआर, जागा, स्टार डॉट पीएसटी, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश ए असं इंग्रजीत टाइप करायचं. दिसायला रुक्ष, पण कामाला चोख. डी आणि ई वरही तेच करा. जुनी डिस्क कपाटात असेल तर तीही लावून बघा. विंडोज नव्याने टाकलं असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर असू शकतं, त्यात जुनं बरंच सामान असतं. ते साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच साफ करतं, तेव्हा तिथे आधी जा.

यादी आली की नावाकडे बघू नका, आकाराकडे बघा. कोरी करकरीत पीएसटी २६५ केबीची असते. मामांच्या यादीत दोन फाइल होत्या, नाव अक्षरशः एकच. एक ३८ एमबीची, आजची. दुसरी ११ जीबीची, तीन दिवसांपूर्वी शेवटची बदललेली, वनड्राइव्हच्या पोटात. मी फोनवर आकडा वाचून दाखवला तेव्हा पलीकडे मामींनी देवापुढे दिवा लावल्याचं मामांनी सांगितलं. सकाळी अकरा वाजता.

सापडली. आता?

सोपा मार्ग म्हणजे डबा परत दुसऱ्या फळीवर ठेवणं. आउटलुकच्या संदेशात जो पत्ता दिसत होता, बरोबर तिथे, त्याच नावाने फाइल ठेवली की काम झालं. ड्राइव्हचं अक्षर बदललं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते पूर्ववत करा. मधल्या काळात बनलेली कोरी फाइल तिथे असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. डिलीट नको, त्या दिवसांत आलेले मेल तिच्यात आहेत.

मामांकडे जुनी फळीच वनड्राइव्हने घेतली होती, म्हणून दुसरा मार्ग धरला. सी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्सच्या बाहेर, मेल नावाचं फोल्डर केलं आणि ११ जीबी तिकडे हलवले. मग कंट्रोल पॅनेलमध्ये 'मेल' नावाचं चिन्ह असतं ते उघडलं. आउटलुक सुरूच होत नसेल तरी ही खिडकी चालते, हे तिचं मोठेपण. त्यात डेटा फाइल्समध्ये जाऊन नव्या जागेची फाइल जोडायची आणि तीच डीफॉल्ट म्हणून ठरवायची.

इथे बरेच जण थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतात: जुने मेल आले, पण नवे दुसरीकडेच पडतायत. किंवा शून्य एक्सने सुरू होणारा आणि १०एफ ने संपणारा एक लांबलचक एरर येतो. कारण नवे मेल कुठे टाकायचे ही नोंद वेगळी असते. त्याच मेल खिडकीत ईमेल टॅबवर खातं निवडलं की खाली 'चेंज फोल्डर' बटण दिसतं, तिथे जुन्या फाइलचा इनबॉक्स दाखवायचा. मग आउटलुक उघडून कोऱ्या फाइलमधले, जुन्या फाइलमध्ये नसलेले मेल ओढून आणायचे. सगळं नीट चाललंय असं आठवडाभर दिसलं की कोरी फाइल काढून टाका.

रिपेअर टूल चालवलं तर?

दुरुस्तीचं हत्यार आउटलुकबरोबरच येतं, स्कॅनपीएसटी नावाचं. पण ते मोडकी फाइल सांधायचं हत्यार आहे, हरवलेली शोधायचं नाही. फाइल सापडली, पत्ता बरोबर आहे, तरी उघडत नाही, तेव्हा त्याची पाळी. त्याआधीही दोन साध्या शंका घ्या. टास्क मॅनेजरमध्ये आउटलुक अर्धवट जिवंत राहून फाइल धरून बसलंय का? आणि फाइल सीडी-डीव्हीडीवरून आणलेली असेल तर ती 'रीड ओन्ली' आहे का? आउटलुकला फाइल वाचून भागत नाही, तिच्यात लिहायचंही असतं.

स्कॅनपीएसटी चालवण्याआधी फाइलची प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ते स्वतःही प्रत करायला विचारतं, पण आपली आपण काढलेली बरी. एका फेरीत सगळं दुरुस्त होईलच असं नाही, चुका संपेपर्यंत पुन्हा चालवावं लागतं.

जुन्या लोकांना आठवत असेल, आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल कोलमडायची. २००३ ला नवा साचा आला, मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. एवढी जागा आहे म्हणून भरत राहावं असं नाही. दर दोन-तीन वर्षांचे मेल वेगळ्या पीएसटीत काढून ठेवले तर एक डबा सांडला तरी सगळी हळद जात नाही.

आणि खरोखरच डिलीट झाली असेल तर?

रिसायकल बिन बघा, पण आशा मोजकी ठेवा: फाइल बिनच्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तर विंडोज ती बिनमध्ये न टाकता कायमची काढते, तेही एक प्रश्न विचारून, ज्याला आपण न वाचता हो म्हणतो. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून गेली असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचा रिसायकल बिन वेगळा असतो, तिथेही डोकवा. नाहीच मिळाली तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल मागे रेंगाळते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या डिस्कवर, ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा लगेच साफ करते, तिथे हाती फारसं लागत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण रिकव्हरीचे पैसे मोजण्याआधी डिस्क कुठली आहे ते विचारून घ्या.

वनड्राइव्हमध्ये आहे म्हणजे बॅकअप झालाच की?

वनड्राइव्ह दोन ठिकाणच्या फाइल सारख्या ठेवतं. इथे बिघडली की तिथेही बिघडलेली जाते, इथे पुसली की तिथूनही. त्यात पीएसटी दिवसभर आउटलुकच्या हातात असते आणि सतत बदलत असते; अशा उघड्या, ११ जीबीच्या फाइलला मागे ओढत राहणं वनड्राइव्हलाही जड जातं आणि आउटलुकही मंदावतं. पीएसटी वनड्राइव्हच्या बाहेर ठेवा. आठवड्यातून एकदा, आउटलुक बंद करून, बाहेरच्या डिस्कवर तिची प्रत काढा. आउटलुक चालू असताना कॉपी करायला गेलात तर विंडोज नाही म्हणेल.

'एवढं कशाला, जुने मेल कोण बघतं' असं मामांचा मुलगा म्हणाला. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि आजकाल बिलं मेलनेच येतात. त्याहून मोठं म्हणजे मामांना २०१४ चं एक ड्रॉइंग दर वर्षी लागतं. ते गिऱ्हाईक अजून तोच भाग मागवतं आणि ड्रॉइंग त्यांच्याकडेही नाही!

मी थंडरबर्ड वापरते, मला काय त्याचं?

थंडरबर्ड हा आउटलुकसारखाच दुसरा मेल प्रोग्रॅम. गोष्ट तीच, भांडी वेगळी. थंडरबर्डचं प्रोफाइल हे चक्क एक फोल्डर असतं, नावाच्या सुरुवातीला निरर्थक आठ अक्षरं आणि शेवटी डीफॉल्ट वगैरे. मेल त्यातच असतात. ते फोल्डर कुठे आहे हे प्रोफाइल्स डॉट आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतं, त्यामुळे प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला की कधीकधी कोरं प्रोफाइल उघडतं आणि माणूस हबकतो. थंडरबर्ड सुरू करताना प्रोफाइल मॅनेजर उघडून जुनं प्रोफाइल निवडलं की मेल परत.

मग सगळं ब्राउझरमध्येच का ठेवू नये?

ठेवावं की, ज्याला परवडतं त्याने. आयमॅप किंवा एक्स्चेंजवर गेलात तर मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि हा लेख निम्मा निरुपयोगी होतो. पण सर्व्हरवरच्या जागेला दरमहा भाडं पडतं. जीमेलचे मोफत १५ जीबी फोटो आणि ड्राइव्ह मिळून आहेत. आणि नेट गेलं की ब्राउझरवाला हातावर हात ठेवून बसतो, मामा मात्र ड्रॉइंग उघडून काम करत असतात. विंडोज ११ बरोबर येणारं 'नवं आउटलुक' पीएसटीच्या बाबतीत अजून जुन्याची बरोबरी करत नाही, म्हणून पीएसटीवाल्यांनी तिकडे जायची घाई करू नये. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकला निदान २०२९ पर्यंत आधार देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय.

मामांचं काम दीड तासात उरकलं, त्यातला तासभर ११ जीबी हलण्यात गेला. संध्याकाळी पुन्हा फोन. "सगळं आलं गं. पण मेलच्या खाली माझी सही येत नाही. नाव, नंबर, कारखान्याचा पत्ता. नवं मशीन आल्यापासूनच येत नव्हती, तेव्हा विचारायचं राहिलं." सही पीएसटीत नसतेच. ती अ‍ॅपडेटातल्या रोमिंग फोल्डरमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या खाली, सिग्नेचर्स नावाच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये असते, आणि मशीन बदलताना तिला कुणी विचारत नाही. जुनी डिस्क मामींनी कपाटात, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. 'अ‍ॅडमिन'च्या फोल्डरमध्ये सही तशीच होती, खाली मामांचा लँडलाइन नंबर, जो बंद होऊनही बरीच वर्षं झाली.